बाजा वाजताना गूळ

१९ फेब्रुवारी १९७८, रविवार

लिहीन लिहीन म्हणत दिवाळीपासून टाळलं. वही बर्डीच्या बाजारातून आणली, पहिल्या पानावर घोडा काढला, तो कुत्र्यासारखा झाला. राग येऊन वही पेटीत टाकली. मग रोज वाटायचं आज बसू, आणि रोज काहीतरी निघायचं. एकदा तर पेनात शाई भरून बसलो होतो, तेवढ्यात फाटकावरून अस्वलवाला गेला. त्याच्यामागं फुटाळा तलावापर्यंत गेलो. अस्वल म्हातारं होतं, नाचेना. परत येईस्तोवर लिहायचं काय ते विसरलो.

आज मात्र लिहितो. गिरणी सोडली, ट्रकवरची क्लिनरी सोडली, सर्कशीच्या तंबूचे खुंटे ठोकायचं काम सोडलं, त्यातल्या कशाचंच काही लिहिलेलं नाही. हा तबेला सोडायच्या आधी तरी काही लिहिलेलं असावं. (सोडायचा विचार नाही. सवयीनं लिहिलं.)

तबेला काटोल रोडवर, गुलाबरावांचा. गुलाबराव पोलिसातले जुने घोडेस्वार, रिटायर होऊन लग्नाच्या घोड्या पाळतात. पुढं नुसतं गु. लिहीन, हात दुखतो. दोन घोड्या वरातीच्या. तिसरी तीन वर्षांची, पाठीवर अजून कोणी बसलेलं नाही. तिचं नाव मी ठेवलं, लवंगी. मिरचीच्या भिवापूरचा माणूस दुसरं काय ठेवणार. गु. म्हणाले, "फटाक्याले भेते अन् नाव लवंगी. वा बेटा."

आज इंदोऱ्याहून दोघं आली. मेश्रामजी, जयंतीच्या कमिटीचे सेक्रेटरी, बुशशर्टाच्या खिशाला दोन पेनं. आणि कमल, तिकडच्या बालवाडीत शिकवते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं घोड्यावर निळा झेंडा घेऊन एक जण असतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा पोरगी होती, कमल, आणि पडली. तांग्याचं घोडं आणलं होतं, डोळ्यांवरची झापडं काढून. ज्या घोड्यानं जन्मात बाजूला काय चाललंय ते पाहिलं नाही, त्याला एकदम सगळं दिसलं. फटाके वाजले, घोडं उधळलं, कमल झेंड्यासकट नालीत. लोक हसले.

"यंदा जीप ठेवू म्हन्तो मी," मेश्रामजी. "जीप उधळत नाई."

"जीपीवर कोनी बी उभं राहते. मले ज्या रस्त्यावर पडली त्याच रस्त्यावरून जाचं आहे."

गु. नी राणी दाखवली, वरातीतली जुनी, गायीसारखी गरीब. मेश्रामजींनी हात जोडले. राणी बाजा ऐकला की नाचते, तिला तेच शिकवलंय. "आमची मिरवणूक आहे गुलाबराव. वरात नाई." दुसरी घोडी एप्रिलभर लग्नांत गुंतलेली. उरली लवंगी.

गु. माझ्याकडं पाहून राहिले. मी म्हणालो, होऊन जाईल. काहून म्हणालो ते मलाच माहीत नाही.

ठरलं ते असं. एप्रिल लागला की भर रस्त्यावर, बाज्यासोबत घोडी पाहायची. जमलं तर कमल. नाही जमलं तर जीप, आणि पोरीबाळींना पुढं करायचा विषय कमिटीत पुन्हा निघणार नाही. शेवटचं वाक्य मेश्रामजी दोनदा बोलले.

२२ फेब्रुवारी

सकाळपासून लवंगीच्या पाठीवर रिकामं पोतं. झटकलं. पुन्हा ठेवलं. झटकलं. दुपारपर्यंत तिला कंटाळा आला, मला नाही. मला कंटाळा आला नाही हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

संध्याकाळी खोगीर. पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला तेव्हा तिनं पोट फुगवलं, लबाड. थोडं फिरवून पुन्हा आवळला. लांब दोरीवर गोल फिरली, कान मागं, पण फिरली.

कमल पाच वाजता सायकलवर आली. लवंगीजवळ जाते, हात पुढं करते, आणि हात हवेतच थांबतो. लवंगी पण मान लांब करते आणि थांबते. दोघी अशाच.

२६ फेब्रुवारी

कमल बसली. लवंगीवर नाही, राणीवर. म्हटलं आधी हिच्यावर. राणी उभ्या उभ्या झोपली तरी कमलचे गुडघे असे आवळलेले की राणी बिचारी जागी होऊन मागं पाहायची.

गु. नी कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग अंगणात ओढायला लावला. मला वाटलं चाऱ्याला. म्हणाले, "पोरी, आता ह्याच्यावर पड."

"पडू?"

"गेल्या सालापासून पडाच्या धाकात बसून आहे. पडून घे एकदाची."

ती पडेना. मग गु. नी मला सांगितलं, तू पड. मी राणीवरून ढिगात पडलो, कुटार नाकातोंडात. राणीनं वळून माझ्या डोक्यावरचं कुटार खाल्लं. कमल हसली. मग तिनं डोळे मिटले आणि घसरली. पुन्हा चढली. पुन्हा पडली. शेवटी शेवटी तर आम्ही न सांगता पडायची, ओढणी कमरेला बांधून, लहान पोट्ट्यांसारखी. पोलिसात नवीन शिपायाला म्हणे असंच शिकवायचे, पण तिथं कुटार नव्हतं.

३ मार्च

दोन दिवस नव्हतो. त्याचं असं झालं की नाल घ्यायला गेलो, बसस्टँडवर रामटेकची गाडी उभी, खिडकीची जागा रिकामी. बसलो. वर डोंगरावर चढलो, माकडांनी भजी नेली, एका कीर्तनवाल्याच्या घरी राहिलो. परत आलो तर गु. बोलेनात. अंगणात लवंगी लांब दोरीवर फिरून राहिली आणि दोरी कमलच्या हातात. खरारा तिनंच केलेला, शेपटीतल्या गाठी सोडवलेल्या.

"आले काय रामटेकचे महाराज," कमल म्हणाली. "प्रसाद आणला?"

लवंगी तिच्याकडं तोंड करून थांबली. माझ्याकडं नाही.

जरा लागलं. बरंही वाटलं.

९ मार्च

आज कमल लवंगीवर.

कसं झालं ते नीट लिहितो. मी दोरी धरली, गु. नी डोकं धरलं. कमल डाव्या अंगानं रिकिबीत पाय घालून चढली, हळू टेकली. लवंगीची पाठ कमानीसारखी वर. कमलचं तोंड बंद, रंग उडालेला. गु. म्हणाले, "बोल काहीतरी. तोंड बंद केलं का दम कोंडते, दम कोंडला का गुडघे दाबते, गुडघे दाबले का घोडी पळते. बोल."

"काय बोलू?"

"शाळेत काय बोलते ते बोल."

तिनं बालवाडीची हजेरी सुरू केली. प्रमोद. हजर. शालू. हजर. आवाज आधी कापून राहिला, पाचसात नावांनंतर बालवाडीच्या बाईंचा झाला. लवंगीची पाठ खाली आली. कान आवाजाकडं. मग एक पाऊल. मग दुसरं. अंगणाला फेरी झाली तेव्हा कमल पुन्हा पहिल्यापासून प्रमोद करून राहिली होती. गु. नी "हजर" म्हटलं.

खाली उतरली आणि म्हणाली, "सुनील राहिला. सुनीलचं नावच नाई घेतलं." आणि त्यावर एवढी हसली की डोळ्यांत पाणी.

१२ मार्च

इंदोऱ्याला गेलो. तिथल्या बँडवाल्यांना विचारायचं होतं की तालीम आमच्या मागच्या मैदानात करता का, म्हणजे लवंगीला आवाजाची सवय. हो म्हणाले, मोकळं मैदान कोणाला नको.

कमलचं घर वाटेवरच. कमल नव्हती. तिची आई गयाबाई दारात विड्या वळून राहिली. मी नमस्कार केला. तिनं वर पाहिलं नाही.

"तुमीच काय घोडीवाले?"

"मी कामाले आहे तिथं."

"मंग मालकाले सांगजा. गेल्या साली पडली तं मी हळद लावली. जिथं सोयरीक चालली होती तिथून निरोप आला, पोरगी लय धीट दिसते म्हने. आता यंदा का मी साऱ्या वस्तीले दाखवू, पाहा बाप्पा, माही पोरगी अजून धीट झाली?"

मी म्हटलं, आता चांगलं बसते ती. येऊन पाहा एकदा.

"त्या तबेल्यात मी पाय नाई ठेवत. अन् चौदा तारखेले दार लावून बसन."

पाणी दिलं मात्र. थंडगार, माठातलं. विडी पण देत होती, मी घेतली नाही, उगाच. नंतर वाटलं घ्यायला पाहिजे होती.

१७ मार्च

बँड सुरू. पहिल्या दिवशी लवंगी मैदानाच्या पार टोकाला, तरी घाम फुटला. रोज थोडं जवळ. ढोल वाजतो तेव्हा ती नुसती थरथरते, गूळ पुढं केला तर तोंड लावत नाही. बँड थांबला की मान खाली घालते, तेव्हा पटकन गूळ देतो. शहाणी झाली. आज थेट ढोलाजवळ उभी राहिली, पाय न हलवता.

गु. लग्नांच्या गडबडीत. म्हणाले, "तूच पाह्य आता." मीच पाहतो. छाती फुगली.

२५ मार्च, धुळवड

गु. रंगून आले, हिरवे-जांभळे. लवंगीनं त्यांना ओळखलं नाही, फुरफुरली, मागं सरली. ते बोलले तशी ओळख पटली आणि तिनं त्यांचा कान चाटला. कमल पण आली, केसांत गुलाल. धुळवडीला रजा घेत नाही काय म्हटलं तर म्हणाली, "मिरवणुकीत गुलाल उडते. हिले आजच पाहू दे."

दुडकीनं मैदानाला फेऱ्या, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात बांबू, टोकाला गु. चं जुनं धोतर बांधलेलं. धोतर फडफडून राहिलं, लवंगी कान हलवत. कमलचा बांबू सरळ.

आता मला खरंच वाटतं. होऊन जाईल.

२ एप्रिल

नाही झालं.

आज रस्त्यावरची परीक्षा. मेश्रामजी, कमिटीचे चारजण, बँड, मागं वस्तीतले पोट्टे. निघालो तेव्हा बघण्यासारखं होतं. ढोल-ताशे कान फोडून राहिले आणि लवंगी गायीसारखी शांत चालली. मेश्रामजी सुद्धा दोनदा मागं वळून मान हलवून गेले.

मग मोठा दवाखाना आला. दवाखान्यासमोरून जाताना बाजा बंद करायचा, इथली सगळ्यांची पद्धत आहे, वरात असो की मिरवणूक. बँडमास्तरनं हात वर केला. सगळं गप्प.

लवंगी थांबली. मान वळवली. आणि सरळ माघारी, गर्दी कापत, माझ्याकडं. माझ्या खिशात तोंड खुपसायला. कमलला काही कळेना, तिनं लगाम ओढला, लवंगीनं झटका दिला, कमल मानेवर आडवी, आयाळ धरून. पडली नाही. पण झेंडा पडला. पोट्टे हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "ढोलाले नाई भेली, गप बसण्याले भेली."

मेश्रामजींनी झेंडा उचलला, धूळ झटकली. आवाज चढवला नाही. "मी जीपवाल्याशी बोलतो, कमल. तुले दोष नाई." ते आणखी वाईट वाटलं.

कमल सायकल घेऊन गेली. मी लवंगीला चालवत आणलं. ती वाटभर माझा खिसा हुंगून राहिली. उद्याची गोंदियाची गाडी किती वाजता असते ते मला पाठ आहे. लिहून ठेवतो की आठवलं.

३ एप्रिल

गेलो नाही. कमल सकाळीच फाटकात. बालवाडी तिनं मैत्रिणीवर टाकली. रात्रभर झोप नाही म्हणे.

"भास्करभाऊ, तुमी हिले गूळ कधी देता?"

म्हटलं, बँड थांबला की. वाजत असताना खात नाही ना.

"मंग हिले काय कळलं? बाजा बंद झाला का गूळ भेटते. काल बाजा बंद झाला, ही गूळ मागाले आली. हिचं काय चुकलं?"

मी बसलोच खाली. माझी बालवाडीतली चूक. पोरांना खाऊ देण्याची वेळ बाईंना कळते, मला कळली नाही. घोडी पहिल्या दिवसापासून शिकून राहिली, पण मी शिकवलं तेच शिकली.

गु. ना सांगितलं. ते हसता हसता खोकले. मग म्हणाले, गूळ आता ढोल वाजतानाच. आणि तू नाही द्यायचा. पाठीवर जो आहे तो देईल.

"वरून?" कमल.

"वरून. वाकून. मानेच्या बाजूनं, तोंडाशी."

तिनं अंगणातच करून पाहिलं, बाजा नसताना. लगाम एका हातात, पुढं मानेपर्यंत झुकायचं, दुसरा हात खाली लांब. गुडघे आवळून ठेवले तर झुकताच येत नाही. पहिल्यांदा गूळ पडला. दुसऱ्यांदा स्वतः पडता पडता राहिली. तिसऱ्यांदा लवंगीनंच मान वळवून मदत केली.

मेश्रामजींना आणखी एक वेळ मागायला गु. स्वतः जाणार. टोपी घालून गेले. टोपी घातलेली मी पहिल्यांदा पाहिली.

७ एप्रिल

मेश्रामजी म्हणाले तेरा तारखेला सकाळी. तोवर जीप पण सांगून ठेवलेली. जीपचं मला काही वाईट वाटत नाही, जीप तिथंच उभी राहू दे.

ऊन भयंकर. पहाटे पहाटेच काम. ढोल वाजतो, कमल झुकते, लवंगी चालता चालता गूळ घेते. पहिले दोन दिवस तिनं घेतला नाही, तोंड मिटून. आज ढोलाच्या अगदी बाजूला चघळत चालली, लाळ गळत. आणि बाजा बंद झाला की काहीच नाही. गूळ नाही, थांबणं नाही, चाल तीच. बंद झाल्यावर कमल बोलायला लागते हळू आवाजात, जे सुचेल ते. काल बाजारात वांगी कशी होती ते सांगून राहिली. लवंगी मन लावून ऐकते.

एक गोष्ट कमलच्या लक्षात आली का, मला माहीत नाही. ती आता बसताना धरतच नाही. गुळासाठी झुकून झुकून अंग सैल झालं. मी बोललो नाही. बोललो तर आवळेल.

८ एप्रिल

फुटाळ्यावर पोहायला गेलो. दुसरं काही नाही. वेळेवर परत आलो.

१३ एप्रिल

सकाळी पुन्हा तोच रस्ता, तोच बँड. दवाखाना आला. हात वर झाला. शांतता.

लवंगीनं एक कान मागं केला. कमल तिच्याशी काहीतरी बोलली. कान पुढं. चाल तीच, टाप टाप टाप, रिकाम्या रस्त्यावर नुसता खुरांचा आवाज. मेश्रामजी श्वास रोखून चालून राहिले, माझ्यासारखेच. दवाखाना संपला, ढोल वाजला, कमल झुकली, गूळ दिला.

मेश्रामजींनी एक पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. "जीप मागं राहीन. पाण्याचे ड्रम ठेवाले."

एवढंच. कमलनं "हो" म्हटलं, लवंगीवरून उतरली, आणि भिंतीच्या सावलीत जाऊन खाली बसली. आता, सगळं झाल्यावर.

१५ एप्रिल

काल लिहायला हातच उचलत नव्हता. आज कोपर दुखतं तरी लिहितो.

इंदोऱ्यात सकाळपासून निळंच निळं. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, दारादारात रांगोळ्या. कमल पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये, केस घट्ट बांधलेले. लवंगीच्या मानेत गु. नी निळी फीत घातली, बाकी काही नाही. झूल नको म्हणाले, वरात नाई.

मी राणीवर, मागं. तरण्या घोडीला जुनी सोबत असली की बरं वाटतं म्हणून. मेश्रामजींनी अट घातली होती की राणी नाचली तर लगेच बाजूला घ्यायची. मी म्हटलं माझ्या हाताखाली नाही नाचणार.

निघालो. गर्दी एवढी की रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी आणि झेंडे. निळा गुलाल उडाला, लवंगीची पापणी निळी झाली, ती शिंकली, पुढं. गॅलरीतून बाया फुलं टाकून राहिल्या. कमलच्या बालवाडीतली पोट्टी एका ओट्यावर रांगेत उभी, "बाई, बाई, आमी हजर" करून ओरडली. कमलनं झेंडा थोडा खाली करून त्यांना मान दिली. मला मागून तिचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसत होती. सरळ, आणि सैल.

गयाबाईचं दार बंद. कमलनं त्या बाजूला मान वळवली आणि समोर पाहिलं. लवंगीचं पाऊल चुकलं नाही.

गेल्या वर्षीची नाली आली. तिथंच कोणीतरी फटाक्यांची लांब माळ पेटवली. तडतड तडतड, धूर, लोक मागं सरले. लवंगी थबकली, अंग गोळा केलं, नाकपुड्या एवढ्या. कमलनं लगाम ओढला नाही. झेंडा डाव्या काखेत दाबला, पुढं झुकली, मानेवरून हात खाली, गूळ. त्या धुरात. लवंगीनं घेतला. चघळला. आणि चालायला लागली, माळ अजून वाजून राहिली होती.

असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. सगळी वस्ती एकदम. मेश्रामजी दोन्ही हात वर करून, बुशशर्ट पँटीतून बाहेर.

बँडवाल्यांना पण चेव आला. त्यांनी जोरात ठेका धरला, आणि तो राणीच्या ओळखीचा निघाला. राणी मागच्या दोन पायांवर. मी अजून टाळ्या वाजवून राहिलो, दोन्ही हातांनी, लगाम मोकळा. पडलो. चांगला पडलो, त्याच नालीत. खाली कुटार नव्हतं. पोट्ट्यांनी मला ओढून काढलं, राणी नाचतच राहिली, तिच्याभोवती लोक गोल करून. मेश्रामजींना वेळ नव्हता रागवायला.

कमलनं मागं पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती तिला. दवाखान्यासमोर बाजा बंद झाला तेव्हा मी लंगडत पोचलो. हजारो माणसं गप्प, आणि लवंगीच्या टापा. दवाखान्याच्या खिडक्यांत पेशंट उभे. एकानं प्लास्टरचा हात वर केला.

पुतळ्यापर्यंत गेली. हार घातला. झेंडा रोवला. लवंगी एवढ्या गर्दीत उभ्या उभ्या शेपटीनं माशी हाणून राहिली.

परत आल्यावर गु. मला म्हणाले, "भास्क्या, घोडी तयार झाली." मग थांबून, "तू बी." उपहास आहे का पाहिलं त्यांच्या तोंडाकडं. नव्हता. कोपराला हळद लावून दिली.

१६ एप्रिल

कमल आली, रोजच्या वेळेला. मिरवणूक झाली तरी आली. लवंगीचा खरारा केला.

गु. नी विषय काढला. वस्तीतल्या चार पोरी काल संध्याकाळी तबेला विचारत आल्या होत्या, मलाही माहीत नव्हतं. त्यांना घोड्यावर बसायचंय. गु. म्हणाले, "मी म्हातारा, हा भास्क्या आज आहे उद्या गोंदियाले. तू शिकवतेस का? रोज सकाळी, बालवाडीच्या आधी. लवंगी तुझीच समज."

कमलचे डोळे असे झाले की मी दुसरीकडं पाहिलं.

मग म्हणाली, "आईले विचारल्याबिगर नाई. मिरवणूक एक दिवसाची होती. हे रोजचं आहे."

"काय म्हन्ते आई?"

"बोलूनच नाई राहिली. परवापासून. मी घरी गेली तं दार उघडलं, ताट वाढलं, अन् आत गेली. पाहिलं का नाई पाहिलं, तेबी नाई सांगत. मले शिव्या दिल्या असत्या तं बरं होतं."

गु. म्हणाले मी टोपी घालून जातो. कमल नको म्हणाली. आईला कोणी समजावायला आलेलं आवडत नाही. तिनं नाही म्हटलं तर नाही, कमल आईच्या पुढं जाणार नाही. हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं, आणि खरारा पुन्हा सुरू केला, झालेल्याच जागेवर.

बाजूनं गोंदियाची गाडी शिट्टी मारत गेली असं लिहिणार होतो, पण इथून गाडी ऐकू येत नाही. मी कुठं जाणार नाही. निदान हे कळेस्तोवर.

१७ एप्रिल, सकाळ

कमल आज आली नाही. आठ वाजले. गु. दहा वेळा फाटकाकडं पाहून आले, आणि दर वेळी म्हणतात कुत्रं भुंकलं म्हणून गेलो. लवंगीनं पण हरभऱ्याला तोंड लावलं नाही. मी तिच्यावर नुसतं खोगीर चढवून ठेवलं, सवय मोडू नये म्हणून, आणि वर माळ्यावर माझ्या खोलीत लिहायला बसलो.

खाली गु. कोणाशी तरी बोलून राहिले. बाईमाणूस. आवाज कमलचा नाही.

गु. हाका मारून राहिले, "भास्क्या, खाली ये बे लवकर."

खिडकीतून पाहिलं. गयाबाई. एकटी. इंदोऱ्याहून एवढ्या उन्हात पायी आलेली दिसते, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. लवंगीच्या अगदी जवळ उभी, हात मागं बांधून. गु. काही विचारतात त्याला उत्तर देत नाही. तीच विचारून राहिली, घोडीकडं पाहत, की हिच्यावर कोन्या अंगानं चढतेत.